गुरूबळ असावं तर असं!

जुलै २०२५ मध्ये थ्रीआय ॲटलस नावाचा धूमकेतू सापडला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेला आपल्याला माहीत असलेला तिसरा पाहुणा, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो काही धुमाकूळ सुरू झाला तो विचारू नका. ते यान आहे म्हणे, नासा लपवतंय म्हणे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर लाल बाण काढलेला फोटोच टाकला. अहो, धूमकेतू आहे तो, बर्फ आणि धूळ. पण मला खटकलं ते वेगळंच. एलियन म्हटलं की तो यानातून इकडेच का यायला पाहिजे? त्याला त्याचं गाव नाही का? आणि समजा त्याला आकाश नावाची गोष्ट आहे हेच माहीत नसेल तर?

हे उगाच नाही म्हणत. युरोपा हा गुरूचा चंद्र, गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिलेल्या चारांपैकी एक, आपल्या चंद्राहून किंचित लहान. वरती उणे १६० अंशांचा बर्फ, जाडी अंदाजे १५ ते २५ किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते अंधेरी हे अंतर उभं केलं तर साधारण तेवढं. आणि खाली खारं पाणी, आपल्या सगळ्या महासागरांच्या जवळपास दुप्पट. तर तिथे राहणारे लोक मी बनवलेत. ते एकमेकांशी खडकावर थापा मारून बोलतात म्हणून त्यांचं नाव थापाडे, आणि हे नाव मलाही लागू पडतं कारण थापाड्यांपुरतं मी थापाच मारतोय. बाकीचं सगळं मात्र खरं आहे.

पहिला प्रश्न, सूर्यापासून इतक्या लांब ते पाणी गोठत का नाही? इथे मला राहवत नाही, जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे लग्न जमेना की गुरूबळ नाही म्हणतात, मग पुष्कराज घ्यायला लावतात आणि भलं होतं ते सराफाचं. गुरूचा तुमच्या लग्नाशी काडीचा संबंध नाही. पण युरोपावर खरोखर गुरूबळ आहे, मोजता येण्यासारखं. युरोपा ८५ तासांत गुरूभोवती एक फेरी मारतो, अंतर सरासरी ६ लाख ७१ हजार किलोमीटर, पण कक्षा किंचित लांबट असल्यामुळे कधी सहाएक हजार किलोमीटर जवळ तर कधी तेवढाच लांब. फरक किरकोळ वाटतो ना? पण भरती आणणारा ताण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर दोन टक्के कमी झालं की ताण सहा टक्के वाढतो. त्यामुळे अख्खा चंद्र दर ८५ तासांनी कणकेसारखा तिंबला जातो. तार पुढे-मागे वाकवून तोडताना हाताला चटका बसतो, तसाच तो आतून तापतो.

पण तिंबता तिंबता कक्षा गोल व्हायला हवी होती, आणि गोल झाली की तिंबणं बंद, सगळं गार. ती गोल होत नाही कारण शेजारी, म्हणजे गुरूचे बाकीचे चंद्र. आतल्या बाजूचा आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, युरोपा ८५, बाहेरचा गॅनिमीड १७२, म्हणजे जवळजवळ एक, दोन, चार. आयो आणि युरोपा एका रेषेत येतात ते दरवेळी कक्षेच्या त्याच टोकाला, आयो गुरूच्या सगळ्यात जवळ असताना आणि युरोपा सगळ्यात लांब असताना, आणि त्याच वेळी गॅनिमीड काटकोनात कुठेतरी उभा, तिघं एका बाजूला एका ओळीत कधीच येत नाहीत. झोपाळ्याला दरवेळी त्याच क्षणी धक्का दिला की झोका थांबत नाही, तसं. १९७९ च्या मार्चमध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी ह्याच हिशोबावरून लिहिलं की आयो आतून वितळलेला असणार, आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ यानाला तिथे ज्वालामुखी पेटलेले दिसले. ह्याला म्हणतात भविष्य.

बरं, उजेड नाही तर थापाडे खातात काय? १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रात गरम पाण्याची तोंडं सापडली आणि त्यांच्याभोवती जीवांची गर्दी. त्यात तोंड नाही, पोट नाही असे नळीकिडे, जे पोटातल्या, सॉरी, अंगातल्या जिवाणूंच्या जिवावर जगतात आणि ते जिवाणू खडकातून येणाऱ्या रसायनांवर. (त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण असं काही सापडेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.) युरोपाच्या तळाशी अशी तोंडं असू शकतात, तर तिथे वसवू थापाड्यांच्या वाड्या. पृथ्वीवर अशी बरीच तोंडं काही वर्षांत किंवा काही दशकांत थंड पडतात, म्हणून दर पिढीला वाडी हलवायची, आणि निघताना जुन्या तोंडावर सगळ्यांनी एकेक थाप मारायची. दोन वाड्यांच्या मध्ये गारठलेला काळोख, ओलांडून कोणी जात नाही. पण पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर धावतो आणि खर्जातला असेल तर फार दूरवर पोचतो. म्हणजे सगळ्या वाड्यांना एकमेकांच्या थापा ऐकू येतात, भेट मात्र कधीच नाही. छतावर, म्हणजे बर्फाला, तडे जातात तेही ८५ तासांच्या ठेक्यात. तेच त्यांचं पंचांग.

इथे मला वर्सोव्याची आमची मासेवाली मावशी आठवते. मागे बोंबील मागितले तर म्हणाली, "आता भांग हाय, पान्याला जोर नाय, उधानाला ये." भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो ते दिवस, उधाण म्हणजे सगळ्यात जास्त. डोलजाळं, म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेलं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालतं, ओढ नाही तर बोंबील नाही, साधा हिशोब. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. आता समजा मुंबईवर कायमचे ढग असते आणि चंद्र-सूर्य कोणी पाहिलेच नसते, तरी मावशीच्या घराण्यात कोणाला तरी कळलं असतं की पाणी ओढणारे दोघं आहेत, कधी एका दिशेने ओढतात तेव्हा उधाण, कधी आडवे येतात तेव्हा भांग.

थापाड्यांना उधाण-भांग नाही! सूर्य खिजगणतीत नाही, आणि चंद्रांचं गणित इतकं नीट बसलंय की सगळं ८५ तासांतच येतं. ज्या नेमकेपणामुळे त्यांचं पाणी पाणी राहिलंय त्याच नेमकेपणाने आकाश त्यांच्यापासून लपवलंय. त्यांना वाटणार, जमिनीचंच काळीज धडधडतंय. आणि एखादा भगत त्या काळजाच्या नावाने नवसही घेत असणार, तो धंदा कुठल्याही ग्रहावर बंद पडायचा नाही.

नासाचं युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, युरोपाजवळून साधारण पन्नासेक वेळा जाईल. उतरणार नाही, त्यामुळे कोणी भेटले अशी बातमी तेव्हा ग्रुपवर आली तर कृपया पुढे पाठवू नका.

एक फट मात्र राहते. गॅनिमीड युरोपाच्या जवळ येतो तो दर दुसऱ्या फेरीला, आणि त्याची ओढ कागदावर काढली तर गुरूच्या त्या तिंबण्याच्या एक टक्काही भरत नाही. पण कुठल्यातरी वाडीत एक म्हातारी थापाडीण असेलच, जन्मभर खडकाला तळवा लावून बसलेली, जी म्हणत असेल की एक ठोका जड येतो, एक हलका. आणि घरचे म्हणत असतील, आजी, तुझे हात थरथरतात.