जुनी अंडर-ओव्हर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) घेताय? नक्षी नंतर बघा, आधी नळ्या बघा

दुकानात आलेले बरेच जण आधी बंदुकीवरची नक्षी बघतात, मग नाव वाचतात आणि ब्राउनिंग किंवा बेरेटा दिसलं की थेट किंमत विचारतात. आमचं म्हणणं, नाव सगळ्यात शेवटी वाचा. बंदूक हातात आली की पहिल्यांदा उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामे आहेत का बघा, आम्ही बघितलं असलं तरी तुम्ही परत बघा.

मग बंदूक उघडायची वरची लिव्हर. नव्या बंदुकीत ती बंद केल्यावर मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबते, लॉक झिजत गेलं की हळूहळू डावीकडे सरकते. मधोमध असेल तर चालतंय, डावीकडे गेली असेल तर खर्च धरून चला. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि दस्ता धरून हलवा, नळ्या खुळखुळल्या की समजायचं. बेरेटाच्या ६८६ सारख्या मॉडेलात नळ्या ज्यावर फिरतात ते दोन खुंट आणि लॉकचे पिन जाड साइझचे मिळतात, म्हणजे ढिलेपणा काढता येतो, म्हणून नुसत्या ढिलाईवरून बंदूक नाकारू नका, भाव पाडून मागा.

नळीला मात्र असा उपाय नाही, म्हणून जास्त वेळ इथे घालवा. ट्यूबलाइटकडे धरून आतून बघा, प्रकाशाची वर्तुळं सरळ गोल दिसली पाहिजेत, कुठे वाकडी झाली तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे, पोचा निघतो, फुगवटा म्हणजे डोकेदुखी. आतून आरशासारखी चमकणारी नळी बघून खूश होऊ नका, गंजाचे खड्डे घासून काढले की नळी चमकते पण पातळ होते. बेल्जियन आणि इटालियन नळ्यांवर प्रूफच्या (जादा दाबाच्या चाचणीच्या) वेळचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये ठोकलेला असतो, १८.४ वगैरे, तो आकडा बघा आणि आमच्याकडून गेजने आजचा मोजून घ्या. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आम्ही स्वतः ती बंदूक घेत नाही, नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरखाली गेली असली तरी नाही. आणि नळ्या सोडवून एका बोटावर लटकवून टिचकी मारा, घंटेसारखा आवाज आला पाहिजे, भद्द आला तर नळ्यांवरच्या पट्टीचा झाळ सुटलाय.

चेंबर ६५ मिमीचा की ७० चा हेही तिथेच कोरलेलं असतं. ६५ च्या चेंबरात ७० चं काडतूस बसतं, पण बार उडताना काडतुसाचं तोंड पुढे उघडायला जागा नसल्याने प्रेशर वाढतं. बसलं म्हणजे चाललं असं नाही.

ट्रिगर तपासायला स्नॅप कॅप (दारू नसलेली खोटी काडतुसं) वापरा, आमच्याकडे आहेत. एक गिऱ्हाईक चांगली जपानी मिरोकू "दुसरी नळी बंद आहे" म्हणून सोडून गेले, पण तिचा ट्रिगर धक्क्यावर चालणारा होता, पहिला बार उडाल्यावर दस्त्याला तळव्याने ठोका दिला की दुसरी नळी तयार होते. दोन्ही नळ्या उडवून उघडल्यावर दोन्ही कॅप एकदम बाहेर फेकल्या गेल्या पाहिजेत.

बाकी पटकन: स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर घरगुती मेकॅनिकचा हात लागलाय, अक्षरांच्या कडा गोल झाल्या असतील तर नवीन ब्लूइंगखाली (लोखंडावरच्या काळ्या-निळ्या थराखाली) काहीतरी घासलंय, आणि ॲक्शनच्या (मधल्या लोखंडी यंत्रणेच्या) मागे लाकडात केसाएवढी चीर आहे का ते नखाने बघा.

किंमतीचं स्पष्ट बोलायचं तर परदेशी वेबसाइटचे भाव इथे दाखवू नका. १९८० च्या दशकात सामान्य लायसन्सवाल्यांसाठी आयात बंद झाली, आता ती मुख्यतः नामांकित नेमबाजांनाच करता येते, त्यामुळे इथे तुम्ही बंदुकीइतकेच तिच्या टंचाईचेही पैसे देता. म्हणूनच वाईट नळ्यांची परदेशी बंदूकही महाग विकली जाते, आणि तोच फसण्याचा रस्ता आहे.

परस्पर कोणाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, घरात वडिलोपार्जित दोन असतील तर आधी त्याचं बघा.

बघायला येताना मूळ लायसन्स आणा, झेरॉक्सवर आम्ही बंदूक हातात देत नाही, ओळखीचे असलात तरी. काडतुसं मात्र घरीच ठेवा.