बोळा गेला, गोळ्या राहिल्या

दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झालं की घरी सोडताना मिळणाऱ्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकचा पाच-सात दिवसांचा कोर्स बऱ्याचदा असतो. या सवयीचं मूळ बरंचसं रक्त थांबवायला नाकात भरल्या जाणाऱ्या कापडी बोळ्यात आहे.

न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या आंरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये, स्वतंत्रपणे, वरच्या ओठाखालून छेद देऊन गालाच्या सायनसमध्ये शिरण्याची पद्धत मांडली. आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि रक्त थांबायला गॉजची पट्टी ठासून भरायची. रक्ताने भिजलेली, उबदार जागेत दिवसच्या दिवस राहणारी पट्टी जंतूंना आयतीच मिळे.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड यांनी लहान मुलांमधल्या 'टॉक्सिक शॉक'चं वर्णन केलं: अचानक ताप, अंगभर लाली, कोसळणारा रक्तदाब. १९८० मध्ये टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुणींमुळे अमेरिकेत हा आजार घरोघरी माहीत झाला. पाठोपाठ नाकात बोळा असलेले रुग्णही सापडू लागले. १९८६ च्या एका अहवालाने नाकाच्या ऑपरेशननंतर हे प्रमाण लाखात सुमारे १६ असल्याचं म्हटलं. म्हणजे दुर्मीळच, पण जीवघेणं. मग बोळा आहे तोवर गोळ्या द्यायच्या, असं ठरून गेलं. खरं तर इथे घात करतं ते स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष. ते एकदा रक्तात उतरलं की अँटिबायोटिक ते निष्प्रभ करू शकत नाही, आणि गोळ्या चालू असतानाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

औषध कधी द्यावं याचा उलगडा तर त्याआधीच झाला होता. १९६१ मध्ये अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगवर दाखवून दिलं, की जखमेत जंतू शिरल्यावर तीन तास उलटले तर अँटिबायोटिकचा उपयोग उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये, ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक डोस लांबवू नका, असं सांगितलं.

एव्हाना ऑपरेशनच बदललं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे कान-नाक-घसा तज्ज्ञ मेसरक्लिंगर यांनी सायनसचा नैसर्गिक निचरा कुठून होतो ते दाखवलं आणि १९८५ च्या सुमारास सर्जन डेव्हिड केनेडी यांनी त्यावर बेतलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया अमेरिकेत रुजवली. अस्तर वाचू लागलं, बोळे कमी झाले. काही चाचण्यांत ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. महिन्याने पाहिलं तर फरक उरला नव्हता. ऑपरेशनच्या वेळी सायनसमध्ये पू सापडला तर गोष्ट वेगळी: तिथे अँटिबायोटिक प्रतिबंध म्हणून नाही, उपचार म्हणून दिलं जातं.