निधनाची बातमी आधी कोण देतं?

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी महाराष्ट्रभर पसरली. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात ते अत्यवस्थ होते, पण जिवंत होते. तरीही वाहिन्यांवर पट्ट्या फिरल्या, संकेतस्थळांवर कारकिर्दीचे आढावे आले आणि चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांनी श्रद्धांजल्याही वाहून टाकल्या. आपलं माणूस आत मृत्यूशी झुंजत असताना ‘ते अजून आहेत’ हे घरच्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. गोखले गेले ते २६ नोव्हेंबरला. बरोबर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, धर्मेंद्र यांच्या वाट्यालाही हेच आलं. ११ तारखेला त्यांच्या निधनाच्या बातम्या झळकल्या, हेमामालिनींनी हा प्रकार अक्षम्य असल्याचं लिहिलं, आणि २४ तारखेला ते खरोखर गेले तेव्हा बातमी खरी आहे ना, हे लोकांना आधी तपासून पाहावं लागलं.

मोबाईल आल्यापासूनच हे सुरू झालं असं मानणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. त्यांचं निधन झाल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी थेट लोकसभेत जाहीर केलं. सभागृहाने आदरांजली वाहिली, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम थांबवले, ठिकठिकाणी शाळा आणि दुकानं बंद झाली. जेपी मात्र हयात होते. त्यांचं निधन त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला पाटण्यात झालं. चूक फार मोठी होती, पण ती एका अधिकृत तोंडून आली होती आणि सुधारणाही तिथूनच झाली. नंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ही व्यवस्थाच मोडली. प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूवर समाज आज फार उन्मादाने व्यक्त होतो, अशी तक्रार सतत कानावर येते. मला ती पटत नाही. लोकांचं दुःख पूर्वीही अफाट होतं आणि कधीकधी हिंसकही होतं. पहिला शब्द बोलण्याचा हक्क मात्र घरच्यांच्या आणि जबाबदार संपादकांच्या हातून निसटत गेला.

लोकमान्य टिळकांच्या वेळी काय घडलं ते पाहावं. १ ऑगस्ट १९२० च्या पहाटेआधी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात त्यांनी प्राण सोडले. रेडिओ नव्हता. बातमी तोंडोतोंडी गेली, आणि तरीही भर पावसात लाखोंचा समुदाय रस्त्यावर उतरला. पद्मासनात बसवलेल्या पार्थिवाचं दर्शन घ्यायला लोक येत राहिले. गिरगाव चौपाटी ही काही स्मशानभूमी नव्हे. खास परवानगी काढून तिथे अग्निसंस्कार झाले. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते. माध्यमांचा काही हातभार नसताना जमलेली ही गर्दी पाहिली की ‘हे सगळं टीव्हीने केलं’ हा युक्तिवाद तोकडा वाटू लागतो.

बातमीची शब्दरचना किती जिवांशी निगडित असते, हे ३० जानेवारी १९४८ ला कळलं. गांधीजींचा खून झाल्याचं आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं तेव्हा मारेकरी हिंदू असल्याचा उल्लेख मुद्दाम केला होता. खुनी कोणत्या धर्माचा याबद्दल अफवा उठली असती, तर फाळणीने पोळलेल्या देशात त्या रात्री काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. देशव्यापी दंगल टळली. महाराष्ट्रात मात्र मारेकऱ्याची जात कळताच ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, गावोगावी वाडे जळले. शोक आणि सूड किती पटकन एकमेकांत मिसळतात, हे या राज्याने फार जवळून पाहिलं आहे.

६ डिसेंबर १९५६ चं स्थान मात्र या सगळ्यात वेगळं आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं दिल्लीत २६, अलीपूर रोडवर महापरिनिर्वाण झालं आणि त्याच रात्री विमानाने पार्थिव मुंबईत आणलं गेलं. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’बाहेर माणसं रात्रभर उभी होती. दुसऱ्या दिवशी ‘राजगृहा’वरून निघालेली अंत्ययात्रा परळच्या कामगार वस्तीतून दादर चौपाटीवर पोहोचली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी बौद्ध पद्धतीने विधी केले, आणि त्याच जागी हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. शोक करायला आलेला समाज तिथल्या तिथे आपल्या नेत्याचं अपुरं काम पुढे नेतो, असं उदाहरण मला जगात इतरत्र फारसं दिसत नाही.

त्या वेळी आचार्य अत्रे बोलले. त्यांचा ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. बाबासाहेबांवर त्यांनी ‘मराठा’तूनही भरभरून लिहिलं, पुढे १९६४ मध्ये नेहरू गेले तेव्हाही सलग लेख लिहिले. मृत्युलेखाचं मराठीतलं घराणं म्हणतात ते हेच. गेलेल्या माणसाशी आपण कुठे भांडलो हेही अत्रे लपवत नसत, म्हणून त्यांच्या शोकावर विश्वास बसे. असा लेख दोन-चार तास शांत बसल्याशिवाय लिहून होत नाही, आणि छापखान्याच्या वेळापत्रकामुळे तेवढी सवड संपादकाला मिळत असे.

चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला जमणारा समुदाय तर कोणत्याही वाहिनीच्या जन्माआधीपासूनचा. लोक खेड्यापाड्यांतून स्वखर्चाने येतात, अभिवादन करतात, शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन परततात. आपल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी कित्येक वर्षं या गर्दीकडे वाहतुकीची आणि स्वच्छतेची अडचण म्हणून पाहिलं. कोणाचा शोक पहिल्या पानावर जातो आणि कोणाचा शहर-पुरवणीतल्या कोपऱ्यात, याचा हिशेब माध्यमांनी मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही, याचा मला आजही राग येतो.

१९८४ मध्ये सरकारी यंत्रणेची दुसरी बाजू दिसली. ३१ ऑक्टोबरला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी रेडिओवरून त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच आली होती, पण आकाशवाणीने ती सांगितली संध्याकाळी. मधल्या तासांत अफवांना रान मोकळं मिळालं. त्यानंतर दूरदर्शनने तीन मूर्ती भवनातलं अंत्यदर्शन दाखवलं, त्यात जमावाच्या सूडाच्या घोषणाही घरोघरी ऐकू गेल्या. दिल्लीत हजारो शिखांची कत्तल झाली. बातमी रोखून धरणं हाही उपाय नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झालं.

दरम्यान सिनेमासृष्टीतल्या मृत्यूंभोवती वेगळंच काही रुजत होतं. १९८६ च्या डिसेंबरात स्मिता पाटील बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने गेल्या, वयाच्या ३१ व्या वर्षी. ५ एप्रिल १९९३ ला दिव्या भारती वर्सोव्यातल्या इमारतीवरून पडून गेली, तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती. पोलिसांनी तो अपघात ठरवला, तरी संशयाच्या गोष्टी गॉसिप मासिकांतून वर्षानुवर्षं चघळल्या गेल्या. मृत्यूचं रहस्य हा विकाऊ माल आहे, हा शोध वाहिन्यांनी लावलेला नाही. मासिकाचा अंक महिन्याने किंवा पंधरवड्याने निघे, वाहिनीने तोच माल चोवीस तास मांडला, एवढंच.

मराठीत चोवीस तासांच्या बातम्या २००७ पासून आल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आजारी असताना ‘मातोश्री’बाहेर दिवसरात्र कॅमेरे लागले होते. १७ तारखेला ते गेले, दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले आणि सगळ्या देशाने ते थेट पाहिले. त्याच दिवशी पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंद राहण्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. शोक न करण्याचा, किंवा वेगळ्या शब्दांत करण्याचा अधिकार या देशात न्यायालयाकडून मिळवावा लागला, आणि त्यामागच्या घटनांत पालघर होतं.

२४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत श्रीदेवी गेल्या. तपास चालू होता, पार्थिव यायचं होतं, आणि या तीन-चार दिवसांत काही वाहिन्यांनी स्टुडिओत आंघोळीचा टब उभा केला. एका वार्ताहराने त्यात झोपून दाखवलं. दुबईच्या अधिकाऱ्यांनी अपघाती बुडून मृत्यू असा निष्कर्ष काढून प्रकरण बंद केलं. दोन मुलींची आई गेली होती, आणि त्या मुली हे पडद्यावर पाहू शकत होत्या, याचा विचार संपादकांच्या बैठकीत कोणी केला नसेल का?

मग १४ जून २०२०. सुशांतसिंह राजपूत याचा वांद्र्याच्या घरी मृत्यू झाला. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात होते, हातात फोन होता. मृतदेहाची छायाचित्रं इतक्या वेगाने फिरली की ती पाठवू नका, असा इशारा महाराष्ट्र सायबर विभागाला त्याच दिवशी द्यावा लागला. आत्महत्येच्या बातम्या ठळक छापू नयेत, पद्धत, जागा आणि छायाचित्रं देऊ नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं भारतीय प्रेस परिषदेने वर्षभरापूर्वीच, २०१९ मध्ये स्वीकारली होती. त्यामागे जुना अभ्यास आहे. पहिल्या पानावर गाजवलेल्या आत्महत्येनंतर आत्महत्यांचं प्रमाण वाढतं, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच आकडेवारीने दाखवलं होतं. आपल्याकडे मात्र यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोडली गेली. सुशांतच्या नावावर खोटी ट्वीट्स दाखवल्याबद्दल एका हिंदी वाहिनीला वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाने एक लाख रुपये दंड केला, इतरांना माफी मागायला लावली.

त्यानंतरचे महिने सर्वांच्या लक्षात आहेत. सुशांतची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या अटकेची मागणी पडद्यावरून रोज होऊ लागली. चौकशीला जाताना कॅमेऱ्यांच्या गराड्यात ती अक्षरशः चेंगरली. सप्टेंबरात तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, जवळजवळ महिनाभर ती तुरुंगात राहिली. बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर सुशांतच्या फोटोचे स्टिकर वाटले गेले. खुनाची शक्यता एम्सच्या डॉक्टरांच्या पथकाने ऑक्टोबरात फेटाळली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनेही प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला; कोणाच्याही कटाचा पुरावा मिळाला नव्हता. ज्या तासांच्या तास चर्चा तिला खुनी ठरवत होत्या, त्यांच्या तुलनेत या अहवालाला किती मिनिटं मिळाली, ते वाचकांनी आठवून पाहावं.

या प्रकरणातून एक भक्कम गोष्ट उरली. राज्याच्या निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसह अनेकांनी केलेल्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सांगितलं की, माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो. दोन वाहिन्यांचं वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं आहे, असं नोंदवूनही कारवाई मात्र केली नाही. मृत व्यक्तीला दुर्बळ ठरवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, घटनेचं नाट्य रूपांतर दाखवणं टाळावं, असं बजावलं, आणि छापील माध्यमांसाठीची प्रेस परिषदेची तत्त्वं स्वतंत्र व्यवस्था होईपर्यंत वाहिन्यांनाही लागू केली. पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हा निकाल शिकवला गेला पाहिजे.

वाहिन्या त्यानंतर थोड्या सावरल्या. गर्दी मात्र दुसरीकडे सरकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या पार्थिवापाशी शाहरुख खानने दुवा मागून फुंकर घातली, तर ती थुंकी आहे असा गदारोळ समाजमाध्यमांवर उठला. शिवाजी पार्कवर जोडलेले हात आणि दुवा मागणारे हात शेजारी शेजारी होते, ते चित्र समजून घ्यायला अनेकांना दिवस लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये सिद्धार्थ शुक्ला गेला तेव्हा ओशिवऱ्याच्या स्मशानभूमीबाहेर शोकाकुल माणसांच्या तोंडासमोर फोन धरले गेले. १९९७ मध्ये डायनाच्या मृत्यूनंतर ब्रिटिश वृत्तपत्रांनी पाठलाग करून छायाचित्रं मिळवण्याविरुद्ध आपली आचारसंहिता कडक केली. आपल्याकडे प्रेस परिषदेचा अधिकार छापील माध्यमांपुरता आहे, स्वनियमन मंडळाचा त्याच्या सदस्य वाहिन्यांपुरता. रुग्णालयाच्या दारात सर्वांत आधी पोहोचणारी, स्वतःला वृत्तमाध्यम न म्हणवणारी इन्स्टाग्रामवरची पानं या दोघांपैकी कोणालाही उत्तर द्यायला बांधलेली नाहीत. धर्मेंद्र यांच्या आजारपणात रुग्णालयातल्या खोलीतलं त्यांच्या कुटुंबाचं रडणं चित्रफितीतून देशभर फिरलं, तेव्हा ते अजून जिवंत होते.