पाचशेची नोट गावात किती मुक्काम करते?

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पानठेल्यावर वाद पेटला. पांदण रस्त्याचं खडीकरण अर्धवट थांबलं होतं. बिल निघेना म्हणून ठेकेदार रोलर उचलून घेऊन गेला होता. खर्रा घोटता घोटता एक काका म्हणाले, "पैसा नाही तं नाही! घरात तंगी आली तं आपण हात आखडतोच ना जी? सरकारनं काहून आखडू नये?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. टीव्हीवरच्या चर्चेतही हेच वाक्य असतं, फक्त तिथे बोलणाऱ्यानं टाय घातलेला असतो.

या तुलनेत एकच मेख आहे, आणि मला ती फार आवडते.

काकांनी महिन्याचा किराणा कमी केला म्हणून त्यांच्या कापसाचा भाव पडत नाही. त्यांचा खर्च एका विहिरीत, उत्पन्न दुसऱ्या विहिरीत. सरकारच्या विहिरीही दोनच दिसतात, पण आतून झरा एक आहे. सरकारचा खर्च कोणाची तरी कमाई असते. ती कमाई घटली की करही घटतो.

आता रस्त्यावरच्या मजुराची पाचशेची नोट पाहू. समजा तो 100 साठवतो आणि 400 खर्च करतो. हे 400 किराणेवाल्याची, शिंप्याची, दूधवाल्याची कमाई झाली. त्यांनीही पाचातले चार हिस्से खर्चले तर 320, पुढे 256, मग 205... ही भूमिती श्रेढी आहे, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या 0.8 पट. बेरीज कितीही लांबवली तरी 2500 च्या पुढे जात नाही, कारण 500 भागिले (1 − 0.8). म्हणजे एका नोटेतून पाचपट कमाई. रिचर्ड कान या तरुण अर्थतज्ज्ञानं 1931 मध्ये हा हिशेब मांडला आणि 1936 मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सनं त्याला आपल्या सिद्धांताच्या मध्यभागी बसवलं. याला गुणक म्हणतात. कपात केली की हीच साखळी उलटी चालते.

पाचपट ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. आपल्याकडे पैशाचा पाऊस पाडणारे मांत्रिक अधूनमधून पकडले जातात, आणि "सरकारनं नोटा वाटल्या की सगळे श्रीमंत" असं सांगणारेही त्यांचेच चुलतभाऊ. खरा गुणक गळका असतो. दुकानातलं तेल, साबण, बिस्किटं गावात बनत नाहीत. मोबाईलचं रिचार्ज आणि गाडीचा हप्ता तर गावात थांबतही नाही. त्या 400 पैकी 200 च गावात राहिले तर साखळी 500, 200, 80, 32 अशी झपाट्यानं आटते. बेरीज 833. बाहेर गेलेला पैसा देशातच फिरतो, म्हणून देशाचा गुणक मोठा आणि गावाचा लहान. गावात मजुरी बंद पडली की तिची झळ अमरावतीच्या ठोक बाजारापर्यंत जाते, ती यामुळेच.

दुसरी गोष्ट हंगामाची. नोव्हेंबरात कापूस वेचायला माणूस मिळत नाही. तेव्हा सरकारनं काम काढलं तर मजूर एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाईल, मजुरीचा दर चढेल, नवं काही फारसं पिकणार नाही. तेव्हा गुणक शून्याकडे झुकतो. मे महिन्यात तेच हात रिकामे असतात आणि गुणक ठणठणीत. महाराष्ट्राची रोजगार हमी याच तत्त्वावर उभी राहिली: विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागेंची कल्पना, 1972 च्या दुष्काळातला अनुभव, 1977 चा कायदा. काम मागेल तेव्हा काम. खर्च आपोआप मंदीत वाढतो, सुगीत घटतो.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर हा परिच्छेद ओलांडा. देशाचं उत्पन्न 100, सरकारचं कर्ज 60. सरकारनं 1 रुपया कापला. गुणक 1.5 आणि कराचा वाटा पाचवा हिस्सा धरा. उत्पन्न 98.5 वर येतं, 30 पैसे कर बुडतो, म्हणून कर्ज 60 वरून फक्त 59.3 होतं. कर्जाला उत्पन्नानं भागा: 60.2 टक्के. कर्ज फेडलं आणि कर्जाचं प्रमाण वाढलं! गुणक 0.5 असता तर तेच प्रमाण 59.4 वर उतरलं असतं. सगळं भांडण या एका आकड्याचं आहे.

ग्रीसमध्ये हेच घडलं. 2010 नंतरच्या कपातीच्या वर्षांत उत्पन्न सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं आणि कर्जाचं प्रमाण घटण्याऐवजी वाढलं. ग्रीसला स्वतःचं चलन नव्हतं, म्हणून ते स्वस्त करून सावरायची सोयही नव्हती, हेही खरं. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी कबूल केलं की कपातीच्या परिणामाचा अंदाज करताना गुणक 0.5 च्या आसपास धरला, प्रत्यक्षात तो 0.9 ते 1.7 निघाला. त्याच सुमारास "कर्ज उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते" हा हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा 2010 चा निष्कर्ष नेत्यांच्या तोंडी होता. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेल फाईल तपासली, तर सरासरीत पाच देश घ्यायचेच राहून गेलेले! इतर दुरुस्त्यांसह 90 टक्क्यांपुढच्या देशांच्या वाढीचा आकडा उणे 0.1 वरून 2.2 टक्क्यांवर आला.

कपात नेहमी बुडवते असंही नाही. 1990 च्या दशकात कॅनडानं खर्च छाटला आणि तरी त्याची अर्थव्यवस्था वाढली, पण व्याजदर उतरत होते आणि शेजारी अमेरिका तेजीत होती. शिवाय काय कापता यावरही आहे. दिल्लीतल्या बोस आणि भानुमूर्ती यांच्या 2013 च्या अभ्यासात भारतासाठी भांडवली खर्चाचा (रस्ते, धरणं अशा टिकाऊ कामांचा) गुणक 2.45 आला, मदतीच्या रकमांचा 0.98. तरी तंगीत आधी रस्ता थांबतो, कारण रस्ता मोर्चा काढत नाही.

हे सगळं मी पानठेल्यावर सांगत होतो तेव्हा शेजारचा किराणेवाला दुकानाच्या पायरीवरून ऐकत होता. आत जाऊन त्यानं उधारीची वही आणली. रोलर गेल्यानंतरच्या पानावर रस्त्यावरच्या सात मजुरांची नावं होती.

"मास्तर, तुमचं गुणक-बिणक मले समजत नाही," तो म्हणाला. "यायनं मले थांबवलं, म्या अमरावतीच्या व्यापाऱ्याले थांबवलं. आता तो कोणाले थांबवते, ते त्याले विचारा."