वुकोवार: ८७ दिवसांच्या आधी आणि नंतर

दरवर्षी १८ नोव्हेंबरला क्रोएशियाभरातून हजारो लोक वुकोवारला येतात. शहराच्या इस्पितळापासून युद्धातल्या मृतांच्या दफनभूमीपर्यंत मूक मोर्चा निघतो. २०२० पासून तर त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. क्रोएशिया आणि सर्बिया ज्याचे भाग होते तो युगोस्लाव्हिया १९९१ मध्ये फुटत असताना युगोस्लाव्ह सैन्याने आणि सर्ब टोळ्यांनी या शहराला ८७ दिवस वेढा घातला होता. तो वेढा विसरण्यासारखा नाहीच. पण त्या वेढ्याने शहराचा बाकी सगळा इतिहास झाकून टाकला आहे, आणि वुकोवार आजही का सावरत नाही याचं उत्तर बरंचसं त्या झाकलेल्या भागात आहे.

क्रोएशियाच्या अगदी पूर्व टोकाला, वुका ही छोटी नदी डॅन्यूबला मिळते तिथे हे शहर वसलं आहे. पलीकडच्या काठावर सर्बिया. नदीच्या या उंच काठावर माणसाची वस्ती फार जुनी. शहरापासून चार-पाच किलोमीटरवर वुचेदोल नावाची जागा आहे. तिथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात तांबं वितळवणारे, साच्यातून कुऱ्हाडी ओतणारे कसबी लोक राहत होते. १९३८ च्या उत्खननात तिथे जेमतेम वीतभर उंचीचं, तीन पायांचं, पक्ष्याच्या आकाराचं मातीचं भांडं मिळालं. अंगावर कोरलेल्या रेषांत पांढरा रंग भरलेला. सगळे त्याला ‘वुचेदोलचं कबुतर’ म्हणतात, अभ्यासकांपैकी काहींना तो तितर वाटतो. क्रोएशियाच्या जुन्या वीस कुनांच्या नोटेवर हाच पक्षी होता, आणि त्याच्या सोबतीला वुकोवारचा एल्ट्झ घराण्याचा वाडा.

त्या वाड्यामागे नव्या वस्तीची कहाणी आहे. १२३१ मध्ये वुकोवारला मुक्त नगराची सनद मिळाली. १५२६ पासून १६८७ पर्यंत तिथे ऑटोमन तुर्कांचा अंमल होता. तुर्क गेले तेव्हा हा सगळा पट्टा ओसाड झाला होता. हाब्सबुर्ग सत्तेने जर्मन, हंगेरियन, सर्ब, रुथेनियन अशा कितीतरी लोकांना इथे येऊ दिलं, वसवलं. १७३६ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या आर्चबिशपने, म्हणजे एल्ट्झ घराण्यातल्या फिलिप कार्लने, इथली जहागीर विकत घेतली. धान्य, द्राक्षं, लाकूड नदीने जायचं, पक्का माल नदीनेच यायचा. बाजारपेठेत कमानींच्या ओसऱ्या असलेली दुकानं उभी राहिली. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते लाव्होस्लाव्ह रुझिच्का १८८७ मध्ये याच गावात जन्मले. त्यांचे वडील लाकडी पिंपं बनवणारे कारागीर होते. द्राक्षमळ्यांच्या मुलखात त्या धंद्याला मागणी असणारच.

मग १९३१ उजाडलं आणि बाटा आला. हो, आपल्या ओळखीचाच. चेक उद्योगपती तोमाश बाट्याला युगोस्लाव्हियाची बाजारपेठ हवी होती, पण आयात बुटांवर जकात भरायची नव्हती. म्हणून त्याने शहराला लागून, डॅन्यूबच्या काठी कारखानाच काढला. जवळ रेल्वे, शेजारी नदी. कारखान्याबरोबर लाल विटांची, सपाट छपरांची, पुढे-मागे बाग असलेली कामगारांची घरं, शाळा, खेळाचं मैदान असं एक सबंध गाव आखून बांधलं. थोड्याच वर्षांत कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी बाटानगर उभं राहिलं, तेही याच विचाराने. दोन्ही वस्त्यांची मूळ कुंडली झ्लीनची, म्हणजे बाटाच्या मूळ कारखान्याच्या चेक गावाची.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला आणि त्याचं नाव ‘बोरोव्हो’ झालं. वस्तीही बोरोव्हो नासेल्ये म्हणून ओळखली जाऊ लागली. इथली जर्मन कुटुंबं त्या काळात हाकलली गेली, एल्ट्झांची जहागीर जप्त झाली, आणि त्यांच्या जागी देशाच्या गरीब डोंगराळ भागांतून माणसं कामाला आली. ऐंशीच्या दशकात इथे वीस हजारांहून अधिक माणसं कामाला होती. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांसाठी बनवलेले ‘बोरोसाना’ बूट आणि १९७६ पासूनचे कॅनव्हासचे ‘स्टार्टास’ युगोस्लाव्हियाच्या घराघरांत होते. वुकोवारमध्ये क्रोएट आणि सर्ब एकाच पाळीत काम करत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत. मिश्र लग्नं सर्रास होती.

मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते ती १९८८ ची. कर्जबाजारी देशात महागाई भडकलेली, पगार पुरेनासे झालेले. बोरोव्होच्या कामगारांनी संप केला आणि थेट राजधानी बेलग्रेडला जाऊन संघराज्याच्या संसदेवर धडक दिली. त्या गर्दीत क्रोएट होते, सर्बही होते, आणि मागणी एकच होती: पगाराची. त्यानंतर तीनच वर्षांनी याच लोकांच्या शहरात रणगाडे शिरले. म्हणून ‘इथे पिढ्यान् पिढ्यांचं वैर होतंच’ हे सोपं स्पष्टीकरण मला मुळीच पटत नाही. आधी रोजगार डळमळला, मग दोन्हीकडच्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी त्या भीतीवर आपली पोळी भाजून घेतली.

२ मे १९९१ रोजी शेजारच्या बोरोव्हो सेलो या गावात १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले. ऑगस्टअखेरीस वेढा पडला. आत सुमारे १,८०० बचावकर्ते, बाहेर त्यांच्या कितीतरी पट युगोस्लाव्ह सैन्य आणि सर्ब निमलष्करी टोळ्या. ८७ दिवसांनी, १८ नोव्हेंबरला शहर पडलं. दोन दिवसांनी इस्पितळातल्या जखमींना आणि इतरांना ओव्चारा इथल्या शेतावर नेऊन दोनशेहून अधिक जणांना ठार केलं. क्रोएट लोकसंख्या हाकलली गेली. १९९५ मध्ये क्रोएशियाचं सरकार आणि स्थानिक सर्ब यांच्यात एर्दुत करार झाला, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी कारभार हाती घेतला आणि १५ जानेवारी १९९८ ला शहर शांततेने क्रोएशियाकडे आलं. बंदुकीविना झालेलं हे हस्तांतर फार मोठं यश होतं, पण त्याची आठवण कोणी फारशी काढत नाही.

त्यानंतर इमारती पुन्हा उभ्या राहिल्या. वाडा दुरुस्त झाला, सर्बियात नेलेला चित्रसंग्रह २००१ मध्ये परत आला, वुचेदोलला २०१५ मध्ये देखणं संग्रहालय झालं. सहाशेहून अधिक तोफगोळे खाल्लेली पन्नास मीटर उंच पाण्याची टाकी भोकांसकट जपून २०२० मध्ये लोकांसाठी उघडली. डॅन्यूबवरून फिरणारी प्रवासी जहाजं धक्क्याला लागतात, पर्यटक माशांचा तिखट रस्सा ‘फिश पाप्रिकाश’ आणि जवळच्या इलोक गावची पांढरी वाइन घेतात आणि पुढच्या बंदराकडे निघतात.

कारखाना मात्र पूर्वीसारखा उभा राहिला नाही. स्टार्टास अजून बनतात, रंगीबेरंगी नक्षीचे, तरुणांना आवडणारे, पण पूर्वीच्या मनुष्यबळाच्या तुलनेत आज तिथे मूठभर माणसं आहेत. ज्या छपराखाली दोन समाज रोज भेटत होते, ते छपरच राहिलं नाही. शाळेत क्रोएट आणि सर्ब मुलं वेगळ्या वर्गांत बसतात. २०१३ मध्ये सरकारी पाट्यांवर सर्बांची सिरिलिक लिपी लावली तर जमावाने त्या फोडल्या. वुकोवारपासून सावा नदीपर्यंत ६१ किलोमीटरचा कालवा खोदायची योजना कित्येक दशकं कागदावरच आहे, नाहीतर देशातल्या डॅन्यूबवरच्या या सर्वांत मोठ्या बंदराला खरी मालवाहतूक मिळाली असती. १९९१ मध्ये शहरात सुमारे ४४,६०० लोक होते, २०२१ च्या जनगणनेत ते जेमतेम २३ हजार भरले. २०१३ मध्ये युरोपीय संघाची दारं उघडली तशी तरुण पोरं जर्मनी आणि आयर्लंडला जाऊ लागली, त्यांत क्रोएटही आहेत आणि सर्बही.