चेंबरमध्ये वाया जाणारी ताकद

इंजिनची ताकद कुठेकुठे वाया जाते असं विचारलं, की सायलेन्सरमधून निघून जाणारी उष्णता, रेडिएटर, रिंगांचं घर्षण ही उत्तरं लगेच येतात. पिस्टनच्या खालच्या पोकळीकडे, म्हणजे क्रँककेसकडे आणि त्याच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याकडे, म्हणजे चेंबरकडे, कुणाचं लक्ष जात नाही. तिथे इंधन जळत नाही, स्फोट होत नाही. पण पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फेरे करणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट किंवा नुसता क्रँक, तिथे रिकाम्या जागेत फिरत नसतो. हवा आणि तेल यांच्या दाट धुक्यातून त्याला वाट काढावी लागते, आणि हा खर्च चाकांकडे जायच्या ताकदीतूनच वळता होतो.

दोन लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेऊ. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 84 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, 90. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100. क्रँकवरच्या काउंटरवेटची, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाची, बाहेरची कड मध्यापासून 8 सेंटिमीटरवर असेल, तर ती ताशी साधारण 180 किलोमीटर वेगाने फिरत असते. नुसती हवा असती तर फारसं बिघडलं नसतं. पण बेअरिंगांना दाबाने दिलेलं तेल त्यांच्या कडांमधून सतत बाहेर पडतं आणि फिरत्या क्रँकवरून चहूबाजूंना फेकलं जातं. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास, तेवढ्याच तेलाचं साडेआठशे किलो. धुक्यात तेलाचा हिस्सा आकारमानाने फक्त एक टक्का धरला, तरी ते मिश्रण कोरड्या हवेच्या आठपट जड होतं.

त्यात थेंबांना बसणाऱ्या टपल्या वेगळ्या. स्थिर थेंबावर काउंटरवेट आदळलं की थेंब त्याच वेगाने निघतो. जेवढी ऊर्जा खर्च झाली त्यातली निम्मी थेंबाच्या गतीत जाते, निम्मी जागच्या जागी उष्णता होते. सेकंदाला 100 ग्रॅम तेलाला असा फटका बसला, तर वरच्या वेगाला पाव किलोवॅट गेले. तेही एकदाच बसला तर! भिंतीवर आपटून परत आलेला थेंब पुन्हा क्रँकच्या वाटेत येतो, पुन्हा मार खातो. शेवटी तेल तापतं, आणि ते थंड करायचं काम वाढतं.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. म्हणून संथ इंजिनांना याची फिकीर नसते. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं 6 अश्वशक्तीचं जुनं डिझेल इंजिन 650 फेऱ्यांवर चालायचं. त्यात कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला लावलेली पट्टी मुद्दाम तेलात बुडवून तेल उडवायचे, वंगणाची सोयच ती. राजकोटला त्या धर्तीची इंजिनं पुढे कितीतरी वर्षं बनली. तोच क्रँक 6500 फेऱ्यांवर नेला, तर दसपट वेगाला हजारपट ताकद मोजावी लागेल.

दुसरी गळती हवेच्या येरझारांची. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन खाली येतात तेव्हा दुसरा आणि तिसरा वर जातात. खाली येणाऱ्यांच्या पोटाखालची हवा शेजारच्या कप्प्यात पळते, अर्ध्या फेऱ्याने परत येते. आपल्या इंजिनात 6000 फेऱ्यांना ही ये-जा सेकंदाला 200 लिटरची होते. मधल्या भिंतीतली खिडकी पिस्टनच्या तोंडाच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल, तर हवा तिच्यातून सरासरी 72 मीटर प्रति सेकंद वेगाने घुसते. म्हणून भिंतीची मजबुती न घालवता ती खिडकी मोठी कशी करायची, यावर इंजिन आखणारे डोकं लावत बसतात. एका सिलिंडरच्या इंजिनाला शेजारच नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या ब्रीदरला, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेला, चपट्या तोंडाची रबरी नळी असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. त्यामुळे आतला दाब कमी राहतो.

रेसिंगवाले फारच पुढे गेले. त्यांच्या ड्राय संप इंजिनांत तेल खाली साठतच नाही. वेगळे पंप ते ओढून बाहेरच्या टाकीत टाकतात आणि जाता जाता क्रँककेसमधली हवाही ओढतात. फॉर्म्युला वनच्या 18,000 फेऱ्यांच्या व्ही-8 इंजिनांना याशिवाय गत्यंतर नव्हतं. रस्त्यावरच्या साध्या गाडीत एवढा खटाटोप परवडत नाही. तिथे क्रँक आणि चेंबर यांच्यामध्ये जाळीचा किंवा खाचांचा पत्रा बसवतात, म्हणजे खाली गेलेलं तेल वाऱ्याने परत उडत नाही.

आणि मग गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतं, "टाक अजून अर्धा लिटर, इंजिनला बरं असतं." बरं वगैरे काही नसतं. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपलीकडे तेल चढलं की क्रँक त्याला रवीसारखा घुसळतो, तेलाचा फेस होतो. पंपाने फेस ओढला तर बेअरिंगला तेलाऐवजी बुडबुडे मिळतात. जास्त तेल घालून इंजिनला तेल कमी पडण्याचा हा प्रकार असतो, आणि वर मायलेजही जातं.

उलट टोकालाही जाता येत नाही. पुष्कळ इंजिनांत पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन आणि सिलिंडरची भिंत क्रँकने उडवलेल्या तेलावरच जगतात. ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे छोट्या सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींच्या, इंजिनांत पंप लावून क्रँककेस जवळजवळ निर्वात करू लागले तेव्हा ताकद वाढली, पण पिना कोरड्या पडू लागल्या. म्हणून फार खोल निर्वात ठेवायचा, तर पिस्टनच्या पोटाकडे तेलाची वेगळी पिचकारी द्यावी लागते, आणि त्या तेलातलं काही पुन्हा क्रँकवरच पडतं.