गोधडीला अस्तर घेताना

अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली, गहू-हरभरा घरात पडला, की आमच्याकडे गोधडीच्या कापडाची विचारणा सुरू होते. वरच्या बाजूसाठी बहिणी वर्षभर तुकडे साठवतात, रंगाला रंग लावून बघतात. अस्तर मात्र शेवटच्या दिवशी, "काहीबी द्या भाऊ, खालीच तर जाणार," म्हणून नेतात. आम्हाला हे पटत नाही. अंगाला लागतं ते अस्तर, जमिनीवर घासतं ते अस्तर, आणि प्रत्येक टाका त्यातूनच खाली जाऊन वर येतो. म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आधी घरातली पेटी उघडा. आजीचं सुती नऊवारी लुगडं निघालं तर दुकानात येऊच नका. त्याच्याइतकं चांगलं अस्तर आम्ही देऊ शकत नाही. शेकडो धुण्यांनी ते जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि सुई त्यातून लोण्यातून जावी तशी जाते. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे १०८ इंचांचे तीन तुकडे होतात. दोन जोडले की एका माणसाच्या गोधडीचं अस्तर झालं, तिसरा आत भर म्हणून घाला. फक्त कापण्याआधी लुगडं दारात उजेडासमोर धरून बघा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर कापड विरळ झालेलं दिसेल. तिथे दोन्ही हातांनी आडवं ओढा. चर्र आवाज आला तर तो भाग आतल्या थरात टाका, अस्तराला घेऊ नका.

जुनं नसेल तर आमची पहिली शिफारस मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्या चालू होत्या तेव्हा हे कापड घरोघरी असायचं. आता मालेगाव-बऱ्हाणपूरच्या मागावरचं येतं. वीण मोकळी असल्यामुळे हाताच्या टाक्याला ते सोपं जातं. पण नव्या मांजरपाटात खळ असते. कोपरा दोन तळव्यांत जोरात चोळा आणि हात बघा. पांढरी भुकटी दिसली तर हाताला लागणारा जाडपणा खळीचा आहे, पहिल्या धुण्यात तो निघून जाईल. पाण्याचा थेंब टाकूनही कळतं. खळीच्या कापडावर थेंब मण्यासारखा उभा राहतो, धुतलेल्यावर लगेच पसरतो. चोळल्यावरही अंगात दाटपणा उरतो, तोच मांजरपाट घ्या.

केंब्रिक आणि पॉपलीन त्याहून घट्ट विणीचे. भर म्हणून बाजारातला सिंथेटिक फायबरचा थर वापरणार असाल तर हेच घ्या, कारण मोकळ्या विणीतून त्याचे तंतू हळूहळू बाहेर येतात. गडद रंगाच्या अस्तरावर तर पांढरी लव उठून दिसते. चादरीचं चकचकीत, फार दाट कापड मात्र हाताने शिवायच्या गोधडीला आम्ही देत नाही. दुकानात सुई-दोरा ठेवलेला आहे. दोनपदरी दोरा ओवून तीन थरांतून पाच टाके घालून बघा. दर टाक्याला अंगुस्तानाने रेटावं लागलं तर दोन महिन्यांच्या शिवणीत बोटांचं काय होईल ते तिथेच कळेल.

टेरिकॉटचं अस्तर स्वस्त पडतं आणि चुरगळत नाही, हे खरं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लोक गच्चीवर गोधडी अंथरून झोपतात. घाम शोषला न गेल्यामुळे पाठ चिकचिक होते. कापड सुती आहे का याची शंका असेल तर दोन-चार धागे उपसून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ पडते. वितळून टणक गाठ झाली तर त्यात सिंथेटिक आहे. धुळ्याकडच्या थंडीसाठी कुणी फलालीन मागतं. ऊब छान येते, पण ते जास्त आटतं, म्हणून दोनदा धुऊन घ्या. बाळाच्या गोधडीला जुन्या धोतराचं मऊ कापड घ्या. रंग नको, जरीचा काठ नको.

"हाई कापड आटी जाई का, भाऊ?" हा प्रश्न रोजचा. सुती कापड आटतंच. शंभरामागे तीन ते पाच इंच धरा. नेमकं बघायचं तर कोपऱ्यावर पेन्सिलीने १० इंचांचा चौकोन आखा, कापड गरम पाण्यात तासभर भिजवून वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ भरला तर शंभरात पाच. वरची बाजू जुन्या, आटलेल्या कापडाची आणि अस्तर कोरं, न धुतलेलं, अशी गोधडी पहिल्या धुण्यात आकसते, कडा आत वळतात. ते नंतर दुरुस्त होत नाही.

रंगाची एक चूक आमच्या हातून झाली आहे. माल देणाऱ्याने "पक्का रंग" म्हणून दिलेला लाल तागा आम्ही विश्वासाने विकला. एका मावशींनी त्यावर सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतरांची गोधडी शिवली. पहिल्या धुण्यात अख्खी वरची बाजू गुलाबी झाली. कापडाचे पैसे परत केले, पण त्यांची दोन महिन्यांची शिवण आम्हाला भरून देता आली नाही. तेव्हापासून प्रत्येक गडद ताग्यावर आम्ही ओला पांढरा फडका घासून बघतो. तुम्हीही समोर घासून मागा.

माप असं काढा. गोधडी ६० बाय ९० इंचांची असेल तर अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त, म्हणजे ६८ बाय ९८ हवं, कारण टाके घालताना कापड आत ओढलं जातं. ३६ इंच पन्ह्याच्या दोन लांब्या जोडून ही रुंदी जेमतेम बसते. आटणं धरून लांबी १०३ इंच लागते, म्हणून एकूण साडेपाच मीटर घ्या. मधोमध जोड नको असेल तर एक लांबी अख्खी मध्ये ठेवा, दुसरी उभी चिरून दोन्ही बाजूंना लावा. घडी नेहमी मध्यावर पडते, तिथली शिवण लवकर झिजते. कापडाचे उभे धागे गोधडीच्या लांबीकडे ठेवा, आडवं कापड जास्त ताणलं जातं.

अंथरताना अस्तर सरळ करा, पण ढोलकीसारखं ताणू नका. ताणून टाचलेलं कापड सोडल्यावर मागे येतं आणि वरच्या बाजूला चुण्या पडतात. चार कोपऱ्यांवर वीट किंवा पाट ठेवला तरी पुरतं. मग मध्यापासून कडेकडे कच्चा दोरा घाला. आपल्याकडे पक्का धावदोरा कडेपासून आत फिरवत नेतात. कच्चा दोरा नसेल तर अस्तराचा फुगवटा सरकत सरकत मध्ये गोळा होतो आणि शेवटच्या फेरीला तिथे खोळ तयार होते.

दुकानात येताना वरच्या बाजूचा एक तुकडा आणि भर काय घालणार त्याचा नमुना सोबत आणा. अस्तर कापून द्यायच्या आधी तिन्ही थर एकत्र धरून, सुई घालून दाखवू.